अंबाडा-लॉग: हिरवा शालू, अबोली आणि दवणा

मामेबहिणीचं लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, कुडाळजवळ मामाच्या गावी. दिवाळीत फराळ करता करता मी बोलून गेले, "केस मी करणार." तेव्हापासून डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी डमीचं मुंडकं उभं आहे. पाहुणे दचकतात. आम्हाला सवय झाली.

रंग तिने ठरवलेत, आणि छान ठरवलेत. सगळा मांडव चैत्रपालवीचा: कोवळ्या पानांचा तांबूस, मोहोराचा फिकट पिवळा, मोतिया, थोडा पोपटी. विधींना तिच्या मामाकडची पिवळी अष्टपुत्री साडी, मुहूर्ताला हिरवा शालू, संध्याकाळी अबोली रंगाची साडी. केसांसाठी मात्र तिने पिंटरेस्टवरून फोटो पाठवला. सोनेरी केसांची नवरी, सैल अंबाडा, त्यात जिप्सोफिलाची बारीक पांढरी फुलं आणि फिकट गुलाबी गुलाब.

"ताई, मला हेच हवंय."

फेब्रुवारी, रंगांची चाचणी

फुलांवर पैसे घालण्याआधी क्रेप कागदाचे तुकडे कापून डमीच्या अंबाड्यावर टाचले आणि खिडकीपाशी फोटो काढले. मग तेच फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघितले. ही युक्ती जरूर करून बघा, दहा मिनिटांत डोळे उघडतात. मरून, राणी आणि गडद हिरवा काळ्या केसांत विरघळून जातात, समोरून कितीही महाग दिसोत. फिकट गुलाबी फ्लॅशमध्ये पांढराच येतो. मोतिया, पिवळा आणि अबोली टिकतात. पोपटीही उठून दिसतो, पण रिबिनीसारखा, शाळेच्या गॅदरिंगची आठवण करून देणारा.

त्या दिवसापासून मी साडीशी फूल जुळवणं सोडलं. फुलाची पार्श्वभूमी साडी नसतेच, केस असतात. साडी आणि फूल एकत्र दिसतात ते फक्त मानेखाली, ब्लाऊजच्या पाठीवर. जुळवाजुळव करायची तर तिथे.

जिप्सोफिलाही आणून बघितला. जवळून नाजूक, दोन हातांवरून कोंडा. हे मी तिला फोटोसकट कळवलं. दिवसभर उत्तर आलं नाही, मग "बरं, बाकी सांग" असा निरोप आला.

मार्च, मोगऱ्याचं घड्याळ

पहिली लोकल पकडून दादरच्या फुलबाजारात गेले. गजरे ओवलेले घेतले नाहीत, सुट्या कळ्या घेतल्या आणि घरी ओवल्या. दोन हात गजरा ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, दोन हात नुसता डमीवर, आणि दर तासाला नोंद.

दुपारी बारापर्यंत कळ्या मिटलेल्या, अगदी मोत्यांसारख्या. मुंडावळ्यांच्या शेजारी ठेवल्या तर कुठे मोती संपतात नि कुठे मोगरा सुरू होतो ते कळत नव्हतं. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळा गजरा उमलला आणि घरभर वास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळ्यांच्या कडा तपकिरी.

म्हणजे मुहूर्ताला त्याच पहाटेच्या मिटलेल्या कळ्या हव्यात, आणि संध्याकाळसाठी वेगळा गजरा डब्यात झाकून. सकाळचाच गजरा रात्रीपर्यंत ओढायचा हट्ट केला तर फोटोत चहा सांडल्यासारखा दिसतो. कळ्यांवर वरून पाणी शिंपडू नका, डाग पडतात. ओलावा फडक्यातूनच पोचू दे.

पाडव्याच्या आसपास, सुरंगी

आता मामी. तिला मी फोनवर मोगरा-अबोली असं काहीबाही सांगत होते तर तिने मध्येच तोडलं, "अगो, सुरंगीचो वळेसार नाय तर व्हकल कसली ती!" वळेसार म्हणजे गजरा, व्हकल म्हणजे नवरी.

आणि दोन दिवसांनी ओळखीतल्या एका काकांच्या हाती कोकणकन्येतून वळेसार आला. पहाटे ठाणे स्टेशनवर जाऊन घेतला. केळीच्या पानात बांधलेला, केळीच्या सोपटाच्या दोरात घट्ट विणलेला. पान उघडलं तेव्हा रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कसला वास हो?" पिवळ्या-केशरी केसरांचे गोंडे, काळ्या केसांवर अक्षरशः पेटतात. रंगाच्या बाबतीत आतापर्यंतचं सगळ्यात सुंदर काम हेच.

अडचण एकच. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सुरंगीचा बहर ओसरलेला असणार. मामीलाही हे माहीत आहे, पण ती ते मोठ्याने म्हणत नाही. वळेसार मी सावलीत सुकवलाय. रंग काळवंडला, वास तसाच आहे.

एप्रिल पहिला आठवडा, पडझड

ही नोंद लिहायची लाज वाटते, पण लॉग म्हणजे लॉग. प्रत्यक्ष बहिणीच्या डोक्यावर पहिली चाचणी. ती तीन दिवस माझ्याकडे राहायला आली होती. तिचे केस जेमतेम खांद्याखाली, म्हणून गंगावन, म्हणजे खोट्या केसांची जोड, लावून उंच खोपा घातला, वर आजीची सोन्याची मूद (अंबाड्यावरचा दागिना), भोवती मोगऱ्याचे तीन वेढे. आरशात राजेशाही.

मग भावाला म्हटलं, हार घाल तिला. देवाला आणलेला झेंडूचा हार होता. त्याने घातला, तो खोप्याला अडकला, त्याने ओढला, आणि गंगावन, मूद, मोगरा सगळं एकदम मानेवर. भाऊ हार हातात धरून उभा. "मी काय केलं?"

स्वयंपाकघरातल्या काट्यावर फुलं तोलली. ओले तीन गजरे एकशे साठ ग्रॅम, मूद वेगळी. हे सगळं चार यू-पिनांवर टांगलं होतं मी! शिवाय पिना गुळगुळीत, नुकत्याच धुतलेल्या केसांत.

दुरुस्त्या अशा. खोपा खाली, मानेच्या खळगीच्या जरा वर आणला. हार आता सरळ खाली जातो. केस आदल्या दिवशी धुवायचे. आधी दोन बारीक वेण्या टाळूलगत घट्ट घालून त्यांचा पाया, गंगावन त्या वेण्यांना काळ्या दोऱ्याने शिवायचं. बॉबी पिनची नागमोडी बाजू टाळूकडे, आणि दोन-दोन पिना फुलीत. मूद पिनेवर न ठेवता अंबाड्याच्या जाळीला टाके घालून पक्की करायची. मुंडावळ्यांची गाठ खोप्याच्या खालून जाते, तिच्यासाठी बोटभर जागा मोकळी ठेवायची. ही जागा मी आधी ठेवलीच नव्हती.

आणि अक्षता! चाचणीत मूठभर कुंकवाच्या अक्षता टाकून बघितल्या. ओलसर मोगऱ्यावर प्रत्येक दाण्याचा गुलाबी ठिपका उठला, पाच मिनिटांत गजऱ्याला गोवर आल्यासारखा. मामाला फोन करून सांगितलं की अक्षता हळदीच्या करा. पालवीच्या रंगातही बसतात. मामाने विचारलं, "हे केसांमुळे?" हो, केसांमुळे.

परवाची चाचणी

मोगरा एकाच वेढ्यावर आणला. बाकी अबोली. तोललीत तर मोगऱ्याच्या निम्म्याहूनही हलकी, दुसऱ्या दिवशीही ताजी, कुंकू पडलं तरी नारिंगीत खपून जातं. उणीव एवढीच की तिला वास नाही. आणि पोपटीचा प्रश्न तर तसाच होता.

तो दवण्याने सोडवला. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच. जुडी आणली होती देवघरासाठी, सहज दोन काड्या अबोलीच्या वेणीत ओवल्या. त्याची पानं राखाडी-हिरवी, चंदेरी झाक असलेली, म्हणून गडद पानांसारखी केसांत बुडत नाहीत आणि रिबिनीसारखी ओरडतही नाहीत. कृष्णधवल फोटोतही स्पष्ट दिसली. वास तर दवण्याचाच. आता वेणी अशी: चार अबोली, एक दवण्याची काडी, पुन्हा चार अबोली. शालूच्या हिरव्यावर ती मानेपाशी टेकते तिथे मी चक्क पाच मिनिटं बघत बसले.

संध्याकाळच्या अबोली साडीवर अबोलीचं फूल मात्र नको, तिथे उमललेला मोगरा आणि बाजूला एकच सोनचाफा. हे बहिणीने स्वतः सुचवलं. पिंटरेस्टवाल्या बाईचं नाव आता घरात कोणी काढत नाही.

शिल्लक कामं: अबोली गावातच सांगून ठेवायची, दवणा इथून न्यायचा, काळा दोरा दोन रिळं, पिना तीन पाकिटं. सुकलेली सुरंगी मलमलच्या चिंधीत बांधून गंगावनाच्या आत, खोप्याच्या पोटात ठेवायची आहे. दिसणार नाही कुणाला. मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "दिसाक कित्याक व्हयी?"