टेबलांना चाके लावण्याआधी

पुण्यातील एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरचे कार्यालय मधल्या भिंती पाडून एकसंध करण्यात आले आणि त्यातील फर्निचरचे काम माझ्याकडे आले. टेबले हवी तशी हलवता यावीत आणि दिवसा शक्यतो दिवे लावावे लागू नयेत, एवढीच मालकांची मागणी होती. माझ्या मते अशा कामात टेबलाचा नमुना सर्वांत शेवटी निवडावा, कारण टेबल कुठेही सरकले तरी खिडकी आणि विजेचा पॉइंट जागचे हलत नाहीत.

खिडकीतून येणारा उपयोगी उजेड, ढोबळ मानाने, तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत आत पोहोचतो. इथे ती कड 7 फुटांवर असल्याने खिडकीपासून 14 फुटांचा पट्टा बसून काम करण्यासाठी राखला आणि उंच कपाटे, प्रिंटर व पँट्री आतल्या बाजूला नेली. साहेबांची केबिन खिडकीलगतच हवी, ही आपल्याकडची रीत मोडण्यासाठी मात्र बराच वाद घालावा लागला.

उत्तरेचा उजेड सर्वांत स्थिर असतो. मुंबईतील कापड गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी बांधून त्यांच्या काचा उत्तरेकडे ठेवल्या जात, त्या याच कारणासाठी. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, म्हणजे पुण्यातील दोन शून्य सावली दिवसांच्या दरम्यान, भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो खरा, परंतु तो इतका उंच असतो की साधा छज्जाही त्याला अडवतो. खरा त्रास पश्चिमेचा. दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून थेट टेबलावर येते, म्हणून त्या बाजूला रोलर ब्लाइंड लावून दिवसभर कोणी बसणार नाही अशी बैठकीची सामायिक टेबले ठेवली.

संगणकासमोर खिडकी असली की डोळे दिपतात आणि पाठीमागे असली की स्क्रीन चकाकते. त्यामुळे कामाची टेबले खिडकीला काटकोनातच लावावी लागतात. टेबलांवरील सनमायका फिकट आणि मॅट निवडला, कारण चकचकीत पृष्ठभागात सगळे आकाश उतरते. छताच्या दिव्यांची सर्किटे खिडकीला समांतर ओळींत वेगळी केली, म्हणजे आतली ओळ चालू असतानाही खिडकीजवळची बंद ठेवता येते.

आता चाकांविषयी. एक्स्टेन्शन बोर्डाला जखडलेले टेबल नावापुरतेच फिरते. म्हणून टाइल्स बसवण्यापूर्वीच जमिनीतून पाइप टाकून ठराविक अंतरांवर फ्लोअर बॉक्स, म्हणजे जमिनीतच बसवलेले विजेचे पॉइंट, घेतले आणि 4 बाय 2 फुटांच्या प्रत्येक टेबलाखाली केबल ट्रे व लॉक होणारी चाके दिली. कोणाचीही जागा कायमची नसल्याने ड्रॉवरऐवजी भिंतीलगत लॉकर केले.

मोकळ्या जागेत माणसे आपोआप एकमेकांशी बोलू लागतात, हा समज मला फारसा पटत नाही. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोकळ्या मांडणीत गेल्यावर कर्मचाऱ्यांचे समोरासमोरचे बोलणे सुमारे 70 टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. म्हणूनच आतल्या कमी उजेडाच्या भागात काचेच्या दारांच्या छोट्या खोल्या केल्या. फोनवर बोलायला किंवा दोघांनी निवांत चर्चा करायला उजेडापेक्षा आवाज अडवणारी भिंत जास्त लागते, आणि अंदाजपत्रकात काटछाट करण्याची वेळ आली तेव्हा मी चाकांची काही टेबले कमी केली, पण या खोल्या कायम ठेवल्या.