हिवाळ्यातील ब्राशोव्ह: आधी तट, मग शहर

रुमानियाच्या ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतात, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले ब्राशोव्ह पाहायला बहुतेक प्रवासी उन्हाळ्यात जातात. या शहराची मध्ययुगीन रचना नीट समजून घ्यायची असेल, तर मात्र जानेवारीसारखा दुसरा महिना नाही, असे तिथे राहून आल्यावर माझे ठाम मत झाले आहे. शहराला अगदी चिकटून उभ्या असलेल्या तांपा डोंगरावरची झाडी उन्हाळ्यात पायथ्याची तटबंदी झाकून टाकते. हिवाळ्यात पाने झडून गेलेली असतात, बर्फावर दगडी भिंत ठळक दिसते आणि डोंगराने जिथे आडोसा दिला नाही, नेमका तिथे माणसाने किती खटाटोप केला, हे नजरेत भरते.

म्हणूनच मधल्या चौकात जाण्याची घाई करू नये. पश्चिमेकडे तट आणि ओढा यांच्यामधून जाणारी ‘दुपा झिदुरी’ ही पायवाट आहे; तिथून सुरुवात करावी. वाटेत ग्राफ्ट नावाचा बुरूज ओढ्याच्या वर कमानीसारखा ओलांडून गेलेला दिसतो. त्याच बाजूला टेकडीच्या उतारावर, तटापासून सुटा असा पांढरा मनोरा उभा आहे. तिथे नेणाऱ्या पायऱ्यांवर सकाळी बर्फाचा काचेसारखा पातळ थर असतो, तेव्हा ऊन आल्यावरच चढावे आणि कठडा सोडू नये. वर पोहोचल्यावर लाल कौलांची दाट वस्ती, तिच्यातून वर आलेले काळ्या चर्चचे प्रचंड छप्पर आणि पलीकडची तांपाची भिंत असे सगळे शहर एका नजरेत येते. संपूर्ण प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच जागा.

हंगेरीचा राजा दुसरा आंद्रे याने १२११ मध्ये ट्युटॉनिक सरदारांना, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, आपल्या राज्याच्या या सीमेवर आणले. १२२५ मध्ये त्याने त्यांना घालवून दिले, पण जर्मन भाषक सॅक्सन वसाहतकरी राहिले आणि कार्पेथियनच्या खिंडींमधून चालणाऱ्या व्यापारावर हे शहर श्रीमंत झाले. तटाच्या रक्षणाची जबाबदारी कारागिरांच्या श्रेणींवर वाटून दिलेली होती. विणकर, लोहार, दोरखंड वळणारे अशा एकेका श्रेणीकडे एकेक बुरूज असे. तांपाच्या बाजूचा विणकरांचा बुरूज आतून अवश्य पाहावा. भिंतीला लागून एकावर एक चढत गेलेले लाकडी सज्जे आणि त्यांच्या मागच्या जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या फटी, पाहिल्या, की वेढ्याच्या वेळी माणसे कुठे उभी राहत असतील ते वेगळे सांगावे लागत नाही. वेढ्याची ही भीती काल्पनिक नव्हती. १५२१ मध्ये डोंगरापलीकडच्या कुंपुलुंग गावच्या न्याक्षू नावाच्या व्यापाऱ्याने ब्राशोव्हचा नगरप्रमुख हान्स बेंकनर याला पत्र लिहून तुर्की सैन्याच्या हालचालींची खबर दिली होती, आणि रुमानियन भाषेतील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना दस्तऐवज म्हणून तेच पत्र ओळखले जाते.

काळ्या चर्चचे बांधकाम चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १६८९ च्या भीषण आगीनंतर त्याला हे नाव पडले, असे सांगतात. आत विशाल ऑर्गन आहेच, पण मी सर्वाधिक वेळ थांबलो तो व्यापाऱ्यांनी अर्पण केलेल्या अनातोलियन गालिच्यांपाशी. ज्या तुर्कांच्या भीतीने तट उभारले, त्यांच्याच मुलखातले गालिचे प्रार्थनागृहात टांगलेले पाहणे हा मोठा अनुभव आहे. बाहेर पडल्यावर उत्तरेकडच्या भिंतीवर, वरच्या कडेवरून खाली वाकून पाहणाऱ्या मुलाचा पुतळा शोधावा. आतही गारठा असतो, म्हणून कोट काढू नये.

यानंतर १५५९ ची कॅथरीन वेस ओलांडून श्केई या भागात जावे. रुमानियन लोकांना तटाच्या आत घर घेण्याची मुभा नव्हती, त्यामुळे त्यांची वस्ती इथे वाढली. संत निकोलस चर्चच्या आवारातील पहिल्या रुमानियन शाळेचे संग्रहालय लहान असले, तरी तिथली जुनी छापील पुस्तके पाहण्यासाठी सवड ठेवावी.

थंडीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. शहर डोंगरांनी वेढलेल्या खोलगट प्रदेशाच्या कडेला असल्याने जड, गार हवा खाली साचून राहते. रुमानियातील आजवरचे सर्वांत कमी तापमान, उणे ३८.५ अंश, २५ जानेवारी १९४२ रोजी इथून जवळच्याच बोद गावी नोंदले गेले. एरवीही रात्री पारा उणे दहाच्या खाली सहज जातो. जलरोधक आणि चांगली पकड असलेले बूट ही इथली पहिली गरज. एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर चढवावेत. छपरांच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबत असतात, त्यांच्या खालून चालू नये. जानेवारीत पाचच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा तट आणि मनोरे दुपारपर्यंत उरकून संग्रहालये नंतर ठेवावीत. पुष्कळ संग्रहालये सोमवारी बंद असतात. तांपावर तारेवरच्या पाळण्याने (केबल कारने) जायचे असल्यास तो चालू आहे ना, याची आधी चौकशी करावी. डोंगरात अस्वले आहेत, त्यामुळे अंधारात पायी उतरू नये.

शाकाहारी मंडळींनी मेनूवर ‘दे पोस्त’ हे शब्द शोधावेत. उपवासाच्या या पदार्थांत मांस, अंडी, दूध नसते, पण मासे क्वचित असू शकतात, म्हणून विचारून घ्यावे. नाताळापूर्वीच्या उपवासकाळात असे पदार्थ भरपूर मिळतात, जानेवारीत कमी. मक्याच्या पिठाची मामालिगा आणि घेवड्याचे सूप यांवर माझे उत्तम भागले.

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. चलन मात्र लेई आहे, युरो नव्हे. बुखारेस्टच्या गारा दे नोर्द स्थानकातून ब्राशोव्ह १६६ किलोमीटरवर असून गाडीला साधारण अडीच ते तीन तास लागतात. प्राहोवा खोऱ्यातून वर चढणारा हा मार्ग अतिशय देखणा आहे, परंतु बर्फवृष्टीत गाड्यांना उशीर होतो. त्यामुळे परतीचे विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या दिवशीच बुखारेस्ट गाठावे.