तुम्ही विचारलंत म्हणून: मी मीटिंगमध्ये शेवटी का बोलते

"मॅडम, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तुम्ही गप्प का असता?" टीममध्ये नवीन आलेला माणूस पहिल्या महिन्यात कधीतरी हे विचारतोच. काहींना वाटतं, मी परीक्षा घेतेय. एकाने तर "आमच्यावर रागावलात का?" असंही विचारलं होतं.

खरं कारण काही फार मिरवण्यासारखं नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिमवर न्यायचा होता. मीटिंगच्या सुरुवातीलाच मी म्हटलं, "महिनाअखेरीला उरकून टाकू, काय?" सात माना हलल्या. दहा मिनिटांत मीटिंग आटोपली आणि आमचं किती छान जमतं, याचं मलाच कौतुक वाटलं. महिनाअखेरीला बिलांचा ढीग येतो. नेमकी त्याच दिवशी नवी सिस्टिम बसली आणि दोन दिवस आम्ही सगळे हाताने नोंदी करत राहिलो. शेजारी बसलेली आमची सगळ्यात ज्युनियर मुलगी मान वर न करता म्हणाली, "हे होणार, माहीत होतं मला."

मग बोलली का नाहीस?

"तुमचं ठरलंच होतं ना."

तेव्हा मी चिडले, कबूल करते. पण त्या "काय?"ला मला उत्तर नकोच होतं, हे तिला बरोबर कळलं होतं.

1906 साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचं, तो कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल हे ओळखायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञांनी नंतर त्यातल्या 787 चिठ्ठ्या तपासल्या. त्यांच्या लेखानुसार, सगळे अंदाज लहान-मोठे असे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज 1207 पौंड, खरं वजन 1198. 'बघा, गर्दी किती शहाणी' म्हणून हा किस्सा सांगतात. मला त्यातली चिठ्ठी महत्त्वाची वाटते. प्रत्येकाने आपापला आकडा लिहून दिला होता. बैलाच्या मालकाने आधीच "हजार असेल, काय?" म्हटलं असतं, तर?

म्हणून आमच्याकडे आधी पाच मिनिटं चिठ्ठ्या. मग ज्याच्या हाताखालून ते काम रोज जातं, तो पहिला बोलतो, आणि मी शेवटी. चेहरा मात्र सांभाळावा लागतो. एकदा माझी भुवई जरा वर गेली आणि समोरच्याने वाक्य अर्ध्यावरच गिळलं. (सगळं पेटलेलं असताना आम्ही चिठ्ठ्या वाटत बसत नाही. तेव्हा एकाने सांगायचं, बाकीच्यांनी धावायचं.)

दुसरा प्रश्न हमखास येतो: मग बहुमताने ठरवता का? नाही. चिठ्ठ्या म्हणजे मतदान नव्हे. ठरवते मीच, आणि फसलं तर उत्तरही मीच देते.

गेल्या आठवड्यात एका चिठ्ठीवर फक्त "हे नको" एवढंच होतं. का, म्हणून विचारलं, तर त्याने वीस मिनिटं सांगितलं. मला पटलं नाही. निर्णय बदलला नाही, पण का बदलला नाही ते त्याला समोर बसवून सांगितलं. स्वारी अजून नाराज आहे. काल मात्र त्याची चिठ्ठी सगळ्यांच्या आधी आली, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी भरलेली.