यंदा नाय इलंस तरी चलात

रागावता येत नाही, म्हणून जास्त लागलंय. वहिनी टोचून बोलल्या असत्या तर मीही दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. पण गणपतीला गावी येण्याबद्दल त्या मायेने म्हणाल्या, "गो, यंदा नाय इलंस तरी चलात. पोराचे हाल कित्याक?" मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून तेच डोक्यात. पोळ्या लाटताना, लेकाच्या ऑटिझमच्या थेरपीच्या वर्गाबाहेर बाकावर बसल्यावर. चालेल म्हणजे कुणाला चालेल? यांना? त्याला कुणी विचारलंय?

हाल होतात हे खरंच आहे. गणपतीत गावच्या घराला घड्याळ नसतं. नैवेद्य दाखवल्याशिवाय पानं वाढत नाहीत, आणि त्याला एक वाजता म्हणजे एकलाच जेवण हवं, कप्प्यांच्या ताटात, भाताला आमटी न लागता. झोपायची खोली पाहुण्यांना जाते. रात्री भजनी मंडळ, झांजा, ढोलकी, मग उसळ-पाव नि चहा, की पुढचं मंडळ दारात. गेल्या वर्षी पडवीत कान दाबून तो डोकं आपटायला लागला, तर कुणी म्हणे भूक लागली असेल, कुणी म्हणे दृष्ट काढा. यांनी उचलून मागल्या दारी नेलं. मी आत, सगळ्यांच्या नजरांत... असो.

लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली ऑटिझमवरच्या लेखात ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यांच्यातही हेच होतं. सगळं जिथल्या तिथे, जसंच्या तसं हवं. हललं की जीव घाबरा. आईबापांच्या कोरडेपणाबद्दलही त्याच लेखात ओळी आहेत. त्याबद्दल आज नको.

पुन्हा वहिनींचं वाक्य. मला सूट नको होती. "काय केलं तर तुमका येवक जमात?" एवढं कुणीतरी विचारायला हवं होतं. ओटी भरायची वेळ आली की मी घरची सून, आणि लेकाचं काही म्हटलं की आम्ही वेगळे, हे मला सोसत नाही.

बाकावर बसल्या बसल्या एक मात्र लख्ख आठवलं. तो बिनसला तो भजनात नव्हे, त्याच्या बराच आधी, आरतीत. कुठल्या आरतीमागून कुठली, लोटांगण कधी, मंत्रपुष्पांजली कधी, सगळं त्याला पाठ आहे. शब्द फार येत नाहीत, पण घंटा बरोबर जागेवर वाजवतो. भाऊजींनी उत्साहाने मधेच एक नवीन आरती घेतली आणि त्याच्या हातातली घंटा थांबली. पुढचा सगळा दिवस तो ती जागा शोधत होता. रात्रीच्या झांजा फक्त शेवटचा धक्का.

म्हणजे गणपती त्याला नको आहे असं नाहीच. आमच्या घरात गणपतीइतकं क्रमाने दुसरं काय चालतं? तो क्रम त्याला आधी कळायला हवा, आणि कळवला तो पाळायला हवा.

वहिनी पहाटेपासून चुलीपाशी असतात, त्यांनी मनातलं ओळखावं अशी आशा मी किती वर्षं धरायची? विचारणार नाहीत तर आपण सांगायचं. रात्री मोठा मेसेज केला. मागची खोली आम्हाला. त्याचं ताट एक वाजता, नैवेद्याची वाट न बघता. माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला घेतली की फोटो पाठवा, चित्रशाळेतल्या मूर्तीचाही. इथे वेलक्रोच्या पट्टीवर ट्रेन, आजोबांचं घर, माटवी, आरती, जेवण, विसर्जन, परत आपलं घर अशी चित्रं लावायला घेतली आहेत. झालेलं चित्र तो स्वतः काढून डब्यात टाकतो. भजनाच्या चित्राला कानावरचे हेडफोन चिकटवलेत.

वहिनींचं उत्तर आलं, "खोली देतंय. ताटाचा बघूया." भाऊजींकडे आरत्यांचा क्रम लिहून मागितलाय, त्यांनी अजून वाचलेलं नाही. उद्या फोनच करते.