केसपेपरवरचे तीन शब्द

पोराच्या डोळ्याची जखम भरून सहा महिने झाले. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो विम्यावर आहे.

मुलगा ८ वर्षांचा. दर मार्चला डोळे चोळून लाल करायचा, शाळेतून "डोळे आलेत" म्हणून घरी पाठवायचे. आमच्या कोल्हापुरात कळंब्याच्या मेडिकलमधून मी थेंब आणायची, दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. रिकामी बाटली दाखवली की नवी मिळायची. त्यात स्टेरॉइड होतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. यंदा एप्रिलमध्ये एका सकाळी त्याला उजवा डोळा उघडेचना. उशीत तोंड खुपसून बसला.

राजारामपुरीतल्या डॉक्टर मॅडमनी वरची पापणी उलटली. ही डोळ्याची अ‍ॅलर्जी होती. आत नुसते फुगीर गड्डे, दगडी फरसबंदीसारखे. ते बुबुळावर घासतात, शिवाय अ‍ॅलर्जीच्या पेशींतून सुटणारी द्रव्यं वरचा पापुद्रा खातात. पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं तर वरच्या बाजूला लंबगोल हिरवा डाग चमकला. त्याला शील्ड अल्सर म्हणतात. मेडिकलच्या थेंबांतल्या स्टेरॉइडने डोळ्यातला दाबही वाढलेला निघाला. "हे थेंब कुणी दिले?" मी गप्प.

गंमत म्हणजे त्यांनीही स्टेरॉइडच दिलं, पण दाब मोजत मोजत, आणि उघड्या जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून जोडीला अँटिबायोटिक. तीन आठवड्यांत जखम मिटली नाही, कारण तिच्या तळाशी पांढरा थर चिकटला होता, त्यावर नवा पापुद्रा चढेना. भूल देऊन थर खरवडला, वर गर्भवेष्टनाचा, म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा, पातळ पापुद्रा लावला. सकाळी नेला, संध्याकाळी घरी. एवढंच.

खरा छळ विम्याच्या खिडकीवर. केसपेपरवर लिहिलं होतं, 'खाज, तीन वर्षांपासून'. पॉलिसी दोन वर्षांची. झालं! "मॅडम, आधीपासूनचा आजार, वेटिंग पीरियड संपलेला नाही," खिडकीतला मुलगा मान वर न करता म्हणाला. म्हणजे जुन्या आजाराचे पैसे मिळायला पॉलिसीची जेवढी वर्षं भरावी लागतात, तेवढी भरलेली नाहीत. कॅशलेस नाकारलं. पोरगं आत उपाशी, भुलीसाठी थांबलेलं, आणि मी नवऱ्याला फोन करतेय की भिशीचे पैसे घेऊन ये.

मग बिल आम्हीच भरलं आणि दावा नंतर टाकला. पहिलं पत्र आलं, जखम नवी असल्याचा डॉक्टरांचा दाखला द्या. दिला. त्यावर शिक्का नाही. मॅडम बाहेरगावी, चार दिवस थांबा. शिक्का आणला तर नोंदणी क्रमांक नाही. तो घातला तर पुन्हा तेच पत्र, फक्त तारीख बदललेली. ग्राहकसेवेला फोन केला की दर वेळी नवा आवाज आणि "सुरुवातीपासून सांगा". एकदा तर मी पापणीच्या गड्ड्यांपर्यंत सगळं सांगितलं, तिकडून विचारलं, "डोळा कुणाचा, तुमचा का?"

शेवटी एका रात्री पॉलिसीचं पुस्तकच वाचायला घेतलं. (हे पहिल्याच दिवशी करा.) आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतलेला. नुसती खाज नव्हे. आणि आम्ही तोवर डॉक्टरांची पायरी चढलोच नव्हतो! ज्या मूर्खपणाने पोराच्या डोळ्याचा दाब वाढला, त्यानेच दावा वाचवला. मला हसावं की रडावं कळेना. कंपनीच्या तक्रार विभागाला ही व्याख्या जशीच्या तशी उतरवून पाठवली, खाली लिहिलं की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. एकोणिसाव्या दिवशी पैसे आले.

हो, एक राहिलं. नंतर स्टेरॉइड कमी करताना टॅक्रोलिमस नावाचं, स्टेरॉइड नसलेलं मलम लिहून दिलं. दुकानदाराने त्याच नावाची, त्वचेची ट्यूब हातात ठेवली होती. डोळ्यासाठीची वेगळी असते, घालण्याआधी खोक्यावर वाचा. आजाराचं नाव व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस, मुलग्यांत जास्त, बहुतेकांचा वयात आल्यावर ओसरतो. तोवर चोळू द्यायचं नाही, चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो. खाज सुटली की तो आता स्वतःच फ्रिजमधला थंड रुमाल काढून घेतो.

पैशांतून हातमोजे आणि कापसाचे ४१२ रुपये कापले होते. त्यावर मी भांडले नाही.