ब्यूट, मोंटाना: खाणींवर उभं असलेलं शहर पायी कसं पाहावं

सिएटलहून यलोस्टोनला गाडीने निघालेली बरीच मराठी कुटुंबं आय-९० वर ब्यूटला गॅस भरतात, मुलांना पाय मोकळे करू देतात आणि पुढे निघतात. हायवेवरून दिसतात ती मॉटेलं, सुपरमार्केटं आणि रुंद रस्ते. या सखल भागाला इथे ‘फ्लॅट’ म्हणतात. मूळ शहर वर टेकडीवर आहे, अपटाउनमध्ये. तांब्याच्या खाणींमुळे एकेकाळी जगातली सर्वांत श्रीमंत टेकडी म्हणून ती ओळखली जायची. सिएटल ते ब्यूट सुमारे ६०० मैल आणि तिथून वेस्ट यलोस्टोन साधारण १५० मैल, म्हणजे मुक्काम इथेच टाकणं सोयीचं. फक्त रात्री पोचून सकाळी निघू नका. दीड दिवस काढा, आणि त्यातला बराचसा वेळ पायी.

एक्झिट १२६ ला उतरून माँटाना स्ट्रीटने सरळ उत्तरेला चढा. पार्क आणि मेन या रस्त्यांच्या चौकाच्या आसपास गाडी लावा आणि संध्याकाळपर्यंत तिला विसरा. आडव्या रस्त्यांना खनिजांची आणि धातूंची नावं आहेत: वरून खाली येताना क्वार्ट्झ, ग्रॅनाइट, मग ब्रॉडवे आणि पार्क, पुढे गलिना, मर्क्युरी, सिल्व्हर. हा क्रम लक्षात राहिला की नकाशा लागत नाही; चढ लागला की उत्तर, उतार लागला की दक्षिण. उंची साडेपाच हजार फुटांच्या वर आहे आणि मेन स्ट्रीटचा चढ चांगलाच जाणवतो. सोबत वडीलधारी मंडळी असतील तर वरच्या टोकाला गाडीने सोडा आणि उताराने चालत खाली या.

१८७९ च्या आगीनंतर व्यापारी भागात फक्त विटा-दगडांचंच बांधकाम करायचं असा नियम झाला. पाठोपाठ विजेचा जमाना आला, तारांसाठी तांब्याची मागणी भडकली आणि या आडगावात पैशाचा लोंढा लागला. म्हणून इथे शिकागोचा एखादा तुकडा उचलून डोंगरात ठेवावा तशा इमारती दिसतात. ग्रॅनाइट आणि मेनच्या कोपऱ्यावरची हेनेसी इमारत १८९८ ची. तिच्या सहाव्या मजल्यावरून ॲनाकोंडा ही तांब्याची बडी कंपनी खाणी चालवायची आणि मोंटानाचं बरंचसं राजकारणही. आठ मजली मेटल्स बँक १९०६ ची, आराखडा कॅस गिल्बर्टचा. पुढे न्यूयॉर्कची वूलवर्थ बिल्डिंग उभारणारा तोच. ब्रॉडवेवरचं फिनलेन हॉटेल १९२४ चं, न्यूयॉर्कच्या ॲस्टर हॉटेलच्या धर्तीवर बांधलेलं. निदान लॉबीत डोकावून या.

पण नुसते दर्शनी भाग पाहून पुढे जाऊ नका, बाजूच्या भिंती वाचा. १९७० च्या दशकात इथे आगींमागून आगी लागल्या आणि ओळीतल्या कित्येक इमारती गेल्या. उरलेल्या भिंतींवर गेलेल्या शेजाऱ्याच्या छपराची रेघ, बुजवलेली दारं आणि पीठ, तंबाखू, बिअरच्या रंगवलेल्या जाहिराती दिसतात. पूर्वेकडे तोंड केलेल्या भिंती सकाळी आणि पश्चिमेकडच्या दुपारी चारनंतर पाहिल्या तर पुसट अक्षरंही लागतात. भर दुपारच्या उन्हात सगळं सपाट दिसतं.

मग खाली पाहा. फुटपाथमध्ये जागोजागी लोखंडी किंवा काँक्रीटच्या चौकटीत काचेचे छोटे चौकोन बसवलेले आहेत. दुकानाचं तळघर फुटपाथखालीही पसरलेलं असायचं आणि त्यात दिवसाचा उजेड जावा म्हणून ही सोय. जुन्या काचेत मँगनीज असे. वर्षानुवर्षं ऊन खाऊन ती जांभळी झाली. जिथे काच पांढरी स्वच्छ आहे ती नंतर बदललेली. चौकट गंजली की ती फुगते, काच तडकते, पाणी तळघरात उतरतं आणि शेवटी काँक्रीट ओतून सगळं बुजवलं जातं; असे बुजवलेले पट्टे दोन पावलांवर दिसतील. ओल्या दिवशी या काचेवरून पाय घसरतो, रबरी तळव्याचे बूट घाला. या पोटातल्या जगात उतरायचं असेल तर दारूबंदीच्या काळातला चोरटा बार आणि सिटी हॉलखालचा जुना तुरुंग दाखवणाऱ्या मार्गदर्शकांच्या फेऱ्या असतात. त्यांची वेळ आधी ठरवावी लागते.

मर्क्युरी स्ट्रीटवर १८९० ची डुमास इमारत आहे. हा कुंटणखाना १९८२ पर्यंत चालू होता, आणि आतल्या खोल्यांना कॉरिडॉरमध्ये उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या आहेत. त्याच रस्त्यावर माय वाह संग्रहालय चिनी वस्तीचा इतिहास सांगतं, पण फक्त उन्हाळ्यात. साउथ मेनवरचं पेकिन नूडल पार्लर १९११ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. जिना चढून वर गेलं की नारिंगी लाकडी पार्टिशनांच्या खोल्या. २०२३ मध्ये त्याला जेम्स बियर्ड प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला; अमेरिकेतल्या खाद्यजगतातला हा मोठा मान.

घरांतला फरक पाहायचा तर पश्चिमेला ग्रॅनाइट स्ट्रीटवर तांब्याच्या खाणींवर धनाढ्य झालेल्या विल्यम क्लार्कचा ३४ खोल्यांचा वाडा (१८८४-८८) पाहा आणि लगेच वर सेंटरव्हिल, वॉकरव्हिलकडे निघा. तिथे खाण कामगारांची चिमुकली लाकडी घरं थेट खाणीच्या कुंपणाला टेकलेली आहेत. माणूस शिफ्टला पायी जायचा, म्हणून घर शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विवराच्या, जितकं जवळ तितकं बरं. या शहराची रचना नगररचनाकाराने नाही, शाफ्टनी ठरवली.

त्या शाफ्टवर उभे असलेले काळे पोलादी मनोरे म्हणजे हेडफ्रेम. डझनाहून जास्त अजून शिल्लक आहेत आणि रात्री त्यांच्यातल्या बऱ्याच जणांवर लाल दिवे लागतात. माथ्यावरच्या चाकांवरून दोर खाली शाफ्टमध्ये जातो आणि दुसरं टोक तिरकं हॉइस्ट हाउसमधल्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या इमारतीतल्या, ड्रमला. दोराची ओढ त्या बाजूला असल्याने मनोऱ्याचे दोन पाय तिकडे तिरके टेकलेले असतात. म्हणून तिरके पाय ज्या दिशेला, तिकडे हॉइस्ट हाउस शोधायचं. ते पाडलेलं असलं तरी पाया सापडतो. हे सगळं जोडून पाहायला ॲन्सेल्मो खाणीचं आवार उत्तम, कारण तिथे भोवतालच्या इमारतीही टिकून आहेत. तिथून जुन्या रेल्वेमार्गावर केलेली पायवाट माउंटन कॉन या खाणीपर्यंत चढते. रेल्वेचा चढ असल्याने दम लागत नाही. कुंपणं ओलांडू नका आणि पायवाट सोडू नका: खाली पोकळ जमीन आहे, आणि शिसं-आर्सेनिक असलेल्या कचऱ्यावर मातीचं आवरण घालून तो झाकलेला आहे. मुलांना माती उकरू देऊ नका.

वॉकरव्हिलच्या बाजूला ग्रॅनाइट माउंटन खाणीतल्या दुर्घटनेचं स्मारक चुकवू नका. ८ जून १९१७ ला शाफ्टमध्ये पडलेल्या विजेच्या केबलच्या तेलकट आवरणाला कार्बाइडच्या दिव्याने पेट घेतला आणि १६८ माणसं गेली, बहुतेक धुराने आणि विषारी वायूने. केबल खाली नेत होते ते आग विझवण्याची यंत्रणा बसवण्याच्या कामासाठी. आत अडकलेल्यांनी घरी लिहिलेल्या चिठ्ठ्यांतला मजकूर इथे वाचायला मिळतो. वारा जोरदार असतो, जाकीट न्या.

बर्कली पिट ही प्रचंड उघडी खाण शेवटी पाहा, म्हणजे त्याने काय गिळलं ते कळेल. १९५५ मध्ये ती सुरू झाली आणि पूर्वेकडच्या मीडरव्हिल, मॅक्वीन या वस्त्या नाहीशा झाल्या. १९८२ मध्ये खोल खाणींतले पंप बंद केले आणि पिटमध्ये आम्लधर्मी, धातूमिश्रित पाणी चढू लागलं; २०१९ पासून ते उपसून शुद्ध करतात. बोगद्यातून सज्जावर जाता येतं, तिकीट थोडंसंच, हिवाळ्यात बंद. हंस पाण्यावर उतरू नयेत म्हणून मोठे आवाज काढतात, लहान मुलांना आधी सांगून ठेवा. शेजारच्या काँटिनेंटल पिटमध्ये खाणकाम आजही चालू आहे.

प्रत्यक्ष खाणीत उतरायचं तर वर्ल्ड म्युझियम ऑफ मायनिंगमधली ऑर्फन गर्ल ही जुनी खाण. ६५ आणि १०० फुटांच्या पातळ्यांपर्यंत नेतात. आत ऐन उन्हाळ्यातही गारठा असतो. बंद बूट आणि स्वेटर हवा, लहान मुलांसाठी वयाची अट बुकिंग करतानाच विचारा.

खाण्याचं सांगायचं तर पेस्टी, म्हणजे कॉर्निश कामगारांनी आणलेली मांस-बटाट्याची भरलेली पोळी, आणि पोर्क चॉप सँडविच ही इथली ओळख. शाकाहारी मंडळींनी फ्लॅटवरच्या सुपरमार्केटमधून दही, ब्रेड, फळं घेऊन ठेवावीत. रविवार-सोमवारी अपटाउनमध्ये बरंच काही बंद असतं. जून ते सप्टेंबर हा काळ बरा. जुलैत मोंटाना फोक फेस्टिव्हलच्या वेळी ओरिजिनल खाणीच्या हेडफ्रेमखाली स्टेज उभं राहतं. तेव्हा यायचं तर खोली काही महिने आधी घ्या.

अर्धा दिवस उरला तर पश्चिमेला २५ मैलांवर ॲनाकोंडा. ब्यूटचं खनिज तिथे वितळवत. ५८५ फुटी विटांची चिमणी लांबूनच पाहता येते, जवळ जाऊ देत नाहीत. गावात १९३६ चं वॉशो थिएटर मात्र आतून पाहा. संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढणं हा आत जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग. खेळ सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जा, म्हणजे दिवे चालू असताना छत नीट पाहता येईल.