दोन यंत्रे आणि एक ब्रश

रस काढण्याचे यंत्र विकताना दुकानदार मोटार दाखवतो, रंग दाखवतो, हमीची वर्षे सांगतो. खोक्याच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बोटभर लांबीचा ब्रश मात्र तो कधी दाखवत नाही. गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घरात सध्या अशी दोन यंत्रे आहेत. जुन्याचा ब्रश केव्हाच हरवला आणि त्याची जागा एका निवृत्त टूथब्रशने घेतली. नव्याचा ब्रश अजून आहे, पण वर्षभरात त्याचे केस एका बाजूला असे झोपले आहेत की जणू रोज पहाटे त्यांचा भांग पाडला जातो. या दोन यंत्रांत चांगले कोणते, असा प्रश्न घरी येणारा पाहुणा हटकून विचारतो, आणि त्याचे उत्तर मी दरवेळी त्या ब्रशापासून सुरू करतो, कारण रस पिण्याचा आनंद दोन मिनिटांचा असतो आणि जाळी धुण्याचे काम त्याहून बरेच लांबते.

जुने यंत्र सेंट्रिफ्युगल जातीचे आहे. त्याच्या तळाशी बारीक दात्यांची चकती, चकतीभोवती जाळीची टोपली, आणि दोन्ही मिळून मिनिटाला ६,००० ते १५,००० फेरे घेतात. वरच्या तोंडातून सोडलेले गाजर चकतीवर टेकताच किसले जाते, तो कीस गरगर फिरणाऱ्या टोपलीच्या भिंतीवर फेकला जातो, रस जाळीतून बाहेर पडतो आणि चोथा भिंतीवरून वर चढत मागच्या डब्यात जाऊन कोसळतो. किसणीने धुलाईयंत्राच्या ड्रायरशी संसार थाटला तर जे अपत्य होईल, तेच हे यंत्र. नव्या यंत्राचे, ज्याला स्लो ज्यूसर किंवा कोल्ड प्रेस म्हणतात, त्याचे गोत्र निराळे. त्यात एक जाड मळसूत्र मिनिटाला ४० ते १०० फेऱ्यांच्या संथपणाने फिरते, फोडी आत ओढते, चिरडते आणि जाळीवर दाबून पिळून काढते. होळीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून उतरणाऱ्या पुरणयंत्राला मोटार बसवली, तर ते या यंत्राला आपला धाकटा भाऊ म्हणून ओळखील. मिनिटाला १०,००० आणि मिनिटाला ५० असे दोन मधले आकडे धरले, तर जुने यंत्र एका मिनिटात जेवढे फेरे घेते तेवढे घ्यायला नव्याला ३ तास २० मिनिटे लागतील. हा हिशेब मी एकदा बाबांना सांगितला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता, मग पेला भरायला किती वेळ लागतो तेवढे सांग, असे म्हटले.

पेला भरायला जुन्याला मिनिटभर पुरते. त्याचे तोंड रुंद असल्यामुळे अख्खे सफरचंद आत जाते; नव्यासाठी मात्र गाजराच्या लांब फोडी कराव्या लागतात, आले तर पातळ चकत्यांतच कापावे लागते, कारण आल्याचे लांब धागे मळसूत्राभोवती गुंडाळून बसतात आणि यंत्र मध्येच कण्हत थांबते. (मग मागे फिरवण्याचे बटण दाबायचे, थोडे थांबायचे, पुन्हा पुढे. गाडी चिखलातून काढण्यासारखेच.) कापण्याचा वेळ धरला तर दोन माणसांच्या रसाला नवे यंत्र सहज दहा मिनिटे घेते.

असे असूनही रोजच्या वापरात ते आले, याचे पहिले कारण रसाशी संबंधित नव्हते. मुलीच्या दहावीच्या वर्षी पहाटे सहाला जुने यंत्र सुरू झाले की तिच्या खोलीचे दार आपटून बंद होई आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकू लागे. ५०० ते १,००० वॉटची मोटार एवढ्या वेगाने फिरणार म्हटल्यावर ती कुजबुजणार नाही, हे उघड आहे. नव्याची मोटार १५० ते २५० वॉटच्या घरातली. तिचा आवाज गाजर मोडल्याच्या कटकटीपुरता. पावसाळ्यात फांदी तारेवर पडून लायट गेली की घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवरही ती बिनतक्रार चालते, हा फायदा जाहिरातीत कोणी लिहिलेला मी पाहिला नाही, पण जून ते सप्टेंबर फोंड्यात राहणाऱ्या माणसाला तो न सांगताही कळतो.

रसातला फरक पाहायचा म्हणून एका रविवारी मी अर्धा अर्धा किलो गाजरे तोलून दोन्ही यंत्रांत घातली. नव्यातून रस जास्त निघाला, पण फरक अर्ध्या पेल्याहून कमीच होता. खरा फरक चोथ्यात होता. जुन्याचा चोथा मुठीत घेऊन आवळला की बोटांच्या फटींतून नारिंगी थेंब गळत होते, नव्याचा चोथा मात्र ओलसर लाकडाच्या भुशासारखा हातात भुरभुरला. कलिंगडाच्या बाबतीत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला, कारण त्या फळाला रस सोडायला फक्त निमित्त लागते. उलट तांबड्या भाजीची पाने घातली तेव्हा जुन्याने त्यांतली बरीचशी न किसता, चिंध्या करून, थेट मागच्या डब्यात भिरकावली आणि पेल्यात तळ झाकण्यापुरता रस दिला. नव्याने तीच पाने चावून गडद किरमिजी रसाची धार सोडली. पालेभाजीचा किंवा गव्हांकुरांचा रस पिणाऱ्याने जुन्या जातीच्या वाटेला जाऊच नये, एवढे मी आता शपथेवर सांगू शकतो.

विक्रेते मात्र पानांची गोष्ट सांगत नाहीत, उष्णतेची सांगतात. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या उष्णतेने जीवनसत्त्वे जळून जातात, असे ते इतक्या आत्मविश्वासाने म्हणतात की ऐकणाऱ्याला पेल्यातून वाफ येत असेल असे वाटावे. जुन्या यंत्रातून नुकत्याच काढलेल्या रसात बोट बुडवून पाहिले, तर तो फळाइतकाच गार लागतो. मिनिटभराच्या त्या फिरण्याने रस तापत नाही. बिघाड होतो तो हवेने. वेगवान टोपली रसात भरपूर हवा घुसळते, म्हणून वर जाड फेस येतो, पेला ठेवला की तासाभरात खाली पाणी आणि वर गाळ असे दोन थर दिसू लागतात, आणि फळाच्या फुटलेल्या पेशींतली विकरे (एन्झाइम) त्या हवेच्या संगतीने सफरचंदाचा रस पाहता पाहता तपकिरी करतात. संथ यंत्रातला रस या सगळ्यातून सुटतो असे नाही, त्याला फक्त उशीर होतो. काढल्याबरोबर उभ्या उभ्या पिणाऱ्याच्या दृष्टीने या उशिराला फारसा अर्थ नाही. सकाळी काढून दुपारी पणजीच्या कचेरीत पिणाऱ्याला तो अर्थ आहे. मी डब्याबरोबर रसाची बाटली नेतो, म्हणून मला तो पटला. त्यातही अर्धे लिंबू पिळले की रंग बराच काळ टिकतो, आणि लिंबाला कोणतेही यंत्र चालते.

दोन्ही यंत्रांचे एक काम मात्र अगदी सारखे आहे: फळातला चोथा काढून साखर शिल्लक ठेवणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात फळांच्या रसातली साखर मध आणि वरून घातलेल्या साखरेच्या पंक्तीलाच बसवली आहे आणि अशी सगळी साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे म्हटले आहे. संत्र्याच्या २५० मिलिलिटर रसात साधारण २० ते २५ ग्रॅम साखर असते, आणि तेवढ्यासाठी तीन-चार संत्री लागतात, जी कोणी एका बैठकीत सोलून खात नाही. हे वाचल्यापासून आमच्याकडे फळांचा पेला लहान झाला आणि गाजर, बीट, तवशे (काकडी), दुधी यांचा वाढला. दुधीच्या बाबतीत पत्नीचा एक नियम आहे, जो मोडण्याची कोणाची प्राज्ञा नाही: यंत्रात घालण्याआधी प्रत्येक दुधीचा लहान तुकडा जिभेवर ठेवून पाहायचा आणि जरा जरी कडू लागला तरी तो दुधी टाकून द्यायचा. कडू दुधीच्या रसाने माणसे गंभीर आजारी पडली आहेत आणि दगावलीही आहेत, म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही हाच सल्ला दिला आहे. परसातल्या करमलांचा (स्टारफ्रूटचा) रस काढण्याचा माझा बेतही तिनेच हाणून पाडला. मूत्रपिंड अधू असलेल्यांना त्या पंचकोनी फळाचा रस विषासारखा बाधतो, आणि बाबांच्या तपासणीचे कागद तिच्या कपाटात असतात.

आता धुण्याविषयी. जुन्याची जाळी पसरट आणि उथळ, उन्हाकडे धरली की कुठे तंतू अडकला आहे ते दिसते आणि नळाखाली चार फटकारे मारले की काम होते. मात्र ती वाळू दिली तर गाजराचा कीस सिमेंटसारखा घट्ट बसतो. नव्याचे भाग मोजले तर लहानमोठे मिळून सात भरतात. त्यांतली जाळी खोल नळकांड्यासारखी, आणि भांड्याच्या बुडाशी चोथ्याच्या वाटेवर रबराचे एक बूच असते, ज्याच्या मागे काल काढलेला पालक आज सकाळी वासाने आपली हजेरी देतो. घ्यायच्या आधी हे बूच उघडून पाहावे, एवढाच सल्ला मी मेहुण्याला दिला. त्याने यंत्राची वॉटमधली ताकद विचारली होती.

यंत्रांची ही भांडणे ऐकताना मला नेहमी काजूची फळे, म्हणजे बोंडू, आठवतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले काजूचे झाड गोव्यात इतके रुजले की मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारांना बोंडूंचाच वास येतो. तिथे बोंडू आधी खडकात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवतात. तो घाईचा रस आंबवण्यासाठी जातो आणि त्यापासून हुर्राक ही सौम्य दारू व फेणी होते, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचतात, तो वेलीने करकचून बांधतात, वर जड दगड ठेवतात, आणि मग त्यातून थेंब थेंब पाझरतो तो नीरो, निवळ, गोड, त्याच दिवशी पिऊन टाकण्याचा. एकाच फळाचे दोन रस, एक वेगाचा आणि एक दाबाचा, आणि कोणी त्यांतला श्रेष्ठ कोणता असे विचारत नाही, कारण दोघांची गिऱ्हाइके वेगळी. मी नव्या यंत्रात बोंडू घालून पाहिले. रस भरपूर निघाला, पण तो घसा असा धरून बसला की संध्याकाळपर्यंत मी खाकरत होतो.

जुने यंत्र म्हणूनच मोडीत गेले नाही. चवथीला मूळ घरी वीस-पंचवीस माणसे जमतात, तेव्हा संथ यंत्र घेऊन बसलो तर शेवटच्या माणसाला रस मिळेपर्यंत विसर्जन होईल. गेल्या वर्षी कुळागरातले सहा अननस मी जुन्या यंत्राच्या हवाली केले. चौथ्या अननसाला टोपलीत चोथा एका बाजूला साचला, तिचा तोल गेला आणि यंत्र थरथरत ओट्याच्या कडेकडे चालू लागले. पुतण्याने दोन्ही हातांनी ते दाबून धरले आणि मी बटण शोधत राहिलो. तरीही पंधरा मिनिटांत सगळ्यांचे पेले भरले, फेसासकट, आणि मुलांनी फेसच आधी संपवला.

दुसऱ्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची चौकट, उतरवली, तेव्हा तिच्यातले मोठे तोरंजन (पपनस) माझ्या हाती आले. रस काढू या, म्हणून मी सालीसकट आतल्या पांढऱ्या पापुद्र्यापर्यंत ते कापले आणि फोडी जुन्या यंत्रात सोडल्या; पापुद्रा रसाबरोबर किसला गेला आणि पेल्यात आले ते काढ्यासारखे कडू पाणी. उरलेला अर्धा भाग नव्यात घातला. तोही कडूच, फक्त फेस नव्हता. आत्या उंबऱ्याशी पाय सोडून बसली होती. तिने माझ्या हातून दुसरे तोरंजन काढून घेतले, "अरे, आण इकडे, सुरी नको," म्हणाली, आणि अंगठ्याच्या नखाने एकेका फोडीवरचा पापुद्रा मागे ओढत गुलाबी, मोत्यांसारखे दाणे ताटलीत ठेवू लागली. वीसेक मिनिटांत ताटली भरली. दोन्ही यंत्रे तोवर ओट्यावर न धुतलेली पडून होती, आणि ती धुवायला त्या दिवशी माझाच नंबर होता.